सहाव्या ओळीपर्यंतचं तण

मामानं त्या पत्राला उत्तर दिलंच नव्हतं! तीन आठवड्यांपूर्वी शेतकी शाळेतून आलेलं ते पत्र चष्मिषला कपाटावरच्या घड्याळामागे सापडलं. नांगर न लावता केलेला मामाचा मका पाहायला वीस शेतकऱ्यांना यायचं होतं. कधी येऊ, एवढंच विचारलं होतं.

"काय लिहू त्यांना?" मामा चहा ढवळत म्हणाला. "मका कमी आणि तण जास्त, असं? उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय. सगळं नांगरून टाकतो नि पुन्हा पेरतो. फिटली हौस!"

सुट्टीला आलेली चष्मिष, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि मामाची मुलगी टिटवी एकमेकांकडे बघत राहिली. या शेतासाठी मामानं जिवाचं रान केलं होतं. मक्याआधी त्यानं ताग पेरला, फुलावर येताच तो कापून तिथेच अंथरला आणि त्या पांघरुणात काठीनं भोकं पाडून मका टोकला. जमीन झाकलेली राहिली की तणाला ऊन मिळत नाही, असं त्याला शेतकी शाळेत शिकवलं होतं.

"आपण बघून तर येऊ," चष्मिष हळूच म्हणाली.

रस्त्याच्या कडेनं खरंच गुडघाभर तण माजलं होतं. पण ढब्बू आत घुसला आणि ओरडला, "अगं, इथे तर तणच नाही!"

सातव्या ओळीपासून मका हिरवागार होता. चष्मिषनं वाळलेला ताग उचलून पाहिला. खाली गार, ओलसर माती आणि एक गोंधळलेलं गांडूळ!

"पहिल्या सहा ओळींत पांघरूणच नाहीये," ती म्हणाली.

"बाबा म्हणतात, वाऱ्यानं उडालं. हे तण बघून ते पुढे आत गेलेच नाहीत," टिटवी म्हणाली.

"वारा काय ओळी मोजून उडवतो?"

ती खाली वाकली. उघड्या मातीवर दाताळ्यानं ओढल्याच्या रेघा होत्या. प्रत्येक ठिकाणी तीन रेघा, मग एक मोकळी जागा, मग पुन्हा रेघा. आणि बांधापलीकडच्या चरात? तागाचा नीट रचलेला ढीग!

"वारा भलताच टापटिपीचा आहे हं!" ढब्बू म्हणाला.

तिघं धावत गोठ्यात गेली. भिंतीला तीन दाताळी टेकलेली होती. एकाचा चौथा दात तुटलेला.

"हे तर आबांचं!" टिटवी म्हणाली. आबा म्हणजे मामाचे वडील. आबांवर आळ घ्यायचा कसा? पण उद्या ट्रॅक्टर आला की मामाचं सगळं मातीत जाणार होतं.

आधी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर येताच तिघं बांधाआड लपली. आबा आले. हातात तेच दाताळं! इकडेतिकडे बघत त्यांनी सहाव्या ओळीतला उरलासुरला ताग ओढायला सुरुवात केली.

"आई गं! मुंगी!" ढब्बू किंचाळला.

आबा दचकले. चोरी पकडलेल्या मुलासारखे उभे राहिले.

"आबा, का हो?" चष्मिषनं विचारलं.

"येणारे-जाणारे हसतात, बाळ. म्हणतात, म्हाताऱ्यानं शेताचा उकिरडा होऊ दिला. माझं शेत जन्मभर आरशासारखं लख्ख असायचं. म्हटलं, निदान रस्त्यावरून दिसतं तेवढं तरी साफ ठेवावं."

"पण जिथे साफ केलंत तिथेच तण आलं! मामाला वाटलं, सगळंच फसलं. आज तो शेत नांगरून टाकतोय."

"नांगरतोय? मला कुणी सांगितलं नाही!"

तेवढ्यात ट्रॅक्टरची घरघर ऐकू आली.

"टिटवी, पळ! ट्रॅक्टरवाल्या काकांना बोलण्यात गुंतव!" चष्मिष म्हणाली.

"ते माझ्यावर सोपव!"

आबा, चष्मिष आणि ढब्बू धापा टाकत पोचले, तेव्हा ट्रॅक्टरवाले काका इंजिन बंद करून टिटवीला स्वतःच्या सासऱ्याची गोष्ट सांगत होते! मामा कपाळाला हात लावून शेजारी उभा होता.

"ट्रॅक्टर परत पाठव," आबा म्हणाले. "तुझं काही फसलेलं नाही. तो ताग मी ओढला." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मामाचा चेहरा लाल झाला. "आबा, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं. पण तू म्हणाला असतास, आबा, तुम्हाला नाही कळायचं."

मामा तसंच म्हणाला असता, हे चष्मिषलाही कळलं. मग तो आबांचा हात धरून त्यांना सातव्या ओळीत घेऊन गेला. आबांनी ताग बाजूला करून माती मुठीत घेतली, दाबली, हुंगली. "ही तर लोण्यासारखी मऊ झालीय की रे!"

"आता सहा ओळी खुरपायच्या आणि ताग परत पसरायचा!" ढब्बूनं बाह्या सरसावल्या.

"तीनच," चष्मिष म्हणाली. "बाकीच्या तीन तशाच ठेवू. झाकलेलं आणि उघडं शेजारी शेजारी दिसलं, की पाहुण्यांना वेगळं सांगायलाच नको."

"पोरी, आम्ही दोघं इतकी वर्षं शेतात, आणि अक्कल तुझ्याकडे!" आबा हसले. "येऊ देत वीसजण. ताग कुणी ओढला ते मीच सांगेन."

मामानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवरच कागद ठेवला आणि लिहिलं: "येत्या रविवारी या. चूक कशी झाली तेही पाहायला मिळेल." खाली स्वतःची सही केली आणि पेन आबांपुढे धरलं. आबांनीही सही केली. ट्रॅक्टरवाले काका नाक्यावरूनच जाणार होते. तिन्ही मुलं मागे चढून बसली आणि तिथल्या टपालपेटीत चष्मिषनं ते पत्र टाकलं.