पाइपवरचे दोन ठोके

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. बोटीवर आम्ही चौघे.

पुढे लिहिले आहे ते जसेच्या तसे घडले आहे. मी तंत्रनिकेतनात शिकलो आणि आयुष्यभर यंत्रे दुरुस्त केली. जे मोजता येत नाही, त्यावर मी बोलत नाही. या एका प्रसंगाने मात्र माझी ती सवय मोडली.

सुकाणूवर मी होतो. सोबत निवृत्त मास्तर, आमचे वकील आणि फिटर. फिटर माझा वर्गमित्र. पुढे माझ्या धाकट्या बहिणीशी त्याचे लग्न झाले.

तंत्रनिकेतनात आम्हाला एक नियम शिकवला होता. बॉयलरच्या आत माणूस काम करत असेल, तर बाहेरच्याने पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. आतला ठीक असेल, तर तो दोन ठोक्यांनी उत्तर देतो. उत्तर आले नाही, की सगळे सोडून त्याला बाहेर काढायचे.

फिटरने ही सवय जन्मभर सोडली नाही. त्याचा पहिला ठोका जड, दुसरा हलका. लग्नाच्या दिवशी वधूच्या खोलीचे दारही त्याने तसेच वाजवले होते.

खाडीत शिरलो तेव्हा ऊन होते. परतताना आभाळ फाटले.

"मास्तर, पोटातलं पोटात ठेवा. माशांना जेवण घालायला आलो नाही आपण," वकील म्हणाले.

"तुमची जीभ आधी बुडो," मास्तर कठडा धरून म्हणाले.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. इंजिनाच्या खोलीत पाणी भरत होते. इंजिन बंद पडले असते, तर लाटांनी आम्हाला खडकांवर आपटले असते.

"मी मागे जाऊन हातपंपानं पाणी उपसतो," फिटर म्हणाला. त्याने अंगातले लाइफ जॅकेट आवळले आणि कमरेच्या पट्ट्यात पाना खोचला. "तू बोटीचं नाक सरळ ठेव. आडवी झाली तर संपलो."

तो केबिनबाहेर पडला.

लगेच एक लाट छपरावरून गेली... आणि मागच्या काचेतून काहीच दिसेनासे झाले.

इंजिनाच्या खोलीतून तारांचा लोखंडी पाइप केबिनमध्ये येत होता. मी त्यावर हातोडीने दोन ठोके दिले.

उत्तर नाही.

पुन्हा दिले.

मग... एक जड. एक हलका.

पाठोपाठ पंपाच्या दांड्याची खटखट सुरू झाली. इंजिन सावरले. माझा जीव भांड्यात पडला.

"अरे, मागे बघा!" मास्तर ओरडले.

लाटेवर नारिंगी काहीतरी वर आले. खाली गेले.

"जॅकेट आहे! त्यात माणूस आहे!"

"छपरावर जादा जॅकेटांचा गठ्ठा बांधलाय, तो सुटला असेल," वकील म्हणाले.

"हात वर केला त्यानं! वळव रे, वळव!"

वळलो असतो, तर बोट लाटेला आडवी झाली असती. चौघेही गेलो असतो. तरीही मी सुकाणू फिरवू लागलो. तो माझ्या बहिणीचा नवरा होता.

फिरवता फिरवता दुसऱ्या हाताने पाइप ठोकला.

एक जड... एक हलका.

उत्तर तत्काळ आले.

"ऐकलंत?" वकील जवळजवळ रडत म्हणाले. "खाली आहे तो! सरळ घे, बाबा, सरळ घे!"

मी सुकाणू सरळ केले.

मास्तर काचेला कपाळ टेकून उभे राहिले. "अजून हात हलतोय," ते म्हणाले.

धक्क्याला लागेपर्यंत पंप थांबला नाही. दोर बांधला, तेव्हाच खटखट बंद झाली.

"बाहेर ये रे, पोचलो!" मी मागे धावलो.

इंजिनाच्या खोलीच्या झाकणाला कडी होती.

बाहेरून.

कडी काढली. आत कोणी नव्हते. पाणी इंजिनाच्या वीतभर खाली थांबले होते. पंपाचा दांडा सकाळी निघताना बांधला होता, तसाच सुतळीने करकचून बांधलेला.

मी छपराकडे पाहिले. जॅकेटांचा गठ्ठा जागेवर होता.

त्याला शोधायला आम्ही पुन्हा निघालो. धक्क्यावरच्या लोकांनी आम्हाला अक्षरशः धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी फिटर सापडला. जॅकेट अंगावर. पाना पट्ट्यात.

डॉक्टर म्हणाले, तो पाण्यात बराच वेळ जिवंत असावा.

बहिणीला मी काहीही न लपवता सगळे सांगितले.

"दादा, हात हलवत होते तेव्हा हे जिवंत होते ना?"

"हो."

"मग खालून ठोके कोणी दिले?"

तो मेला असता आणि आम्हाला वाचवायला परत आला असता, तर मी हात जोडले असते. पण तो तेव्हा जिवंत होता. आम्हाला हाक मारत होता. आणि त्याच वेळी त्याच्याच हाताने कोणीतरी मला कळवत होते, की मी ठीक आहे, तू वळू नकोस.

माझ्या स्नानघरातल्या पाइपवर कधीतरी दुपारी दोन ठोके पडतात. पहिला जड, दुसरा हलका.

नियमाप्रमाणे उत्तर द्यायला हवे. मी अजून दिलेले नाही.

निघालो चौघे. परतलो तिघे.