गळ्यातली पाहुणी

पडद्यावर उमटलेले नाव वाचून डॉ. केतकी अडसूळ आधी चिडलीच. नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची जनुकखूण यंत्रात भरलेली असे. चुकून कोणाची पेशी नमुन्यात पडलीच, तर यंत्र लगेच ओळखे. आज ते सांगत होते की, ओजस्वी भोयर या बारा वर्षांच्या मुलीच्या थायरॉईड ग्रंथीत केतकीच्या पेशी आहेत.

"हातमोजे घालायला विसरलीस?" प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. घोडके यांनी विचारले.

"सर, मी त्या नमुन्याला स्पर्शही केलेला नाही."

घोडक्यांनी केतकीला दाराबाहेर उभे करून दुसरा नमुना स्वतः तपासला. उत्तर तेच आले.

ओजस्वीची उंची वाढायची थांबली होती. गळा सुजलेला, नागपूरच्या उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, वर्गात बसल्या जागी डुलक्या. शरीराच्या रक्षक पेशी थायरॉईडवरच तुटून पडतात, असा हा आजार. शरीराला आपले-परके कळेनासे होते, असे सगळे डॉक्टर सांगत. घोडक्यांना ते पटत नसे. शरीर आंधळे नाही, त्या ग्रंथीत खरोखरच कोणीतरी परके शिरलेले असते, असे ते म्हणत. त्या परक्यांना त्यांनी नाव दिले होते, पाहुण्या पेशी. त्या ज्याच्या असतील त्याच्या रक्तापासून ओळख-लस बनवायची. शरीराला ओळख पटली की हल्ला थांबतो. दोन मुले तशी बरी झालीही होती.

"आजवर पाहुण्या पेशी आईच्याच निघाल्या," केतकी म्हणाली. "गर्भात असताना आईकडून आलेल्या. मग माझ्या कशा?"

"वाट दुहेरी आहे," घोडके सावकाश म्हणाले. "बाळाच्या पेशीही आईत जातात आणि वर्षानुवर्षं तिथे राहतात. पुढच्या खेपेला त्या धाकट्या भावंडात..." ते मध्येच थांबले. "केतकी, तुझी आई कुठली?"

"सांगलीची. पण तिने मला दत्तक घेतलं," केतकी म्हणाली. "वर्ध्याच्या एका संस्थेतून."

आपलेच वाक्य कानावर पडले तशी ती स्टुलावर बसली.

दुपारी ओजस्वीला घेऊन तिची आई प्रणिता आली. केतकी भिंतीला टेकून उभी राहिली. गेले दोन महिने ती या बाईंशी बोलत होती, आणि आज तिला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

"ताई, ओजस्वीच्या आधी तुम्हाला मूल झालं होतं का?" घोडक्यांनी विचारले. "हवं तर ओजस्वी बाहेर बसेल."

"इथेच बसू द्या. तिलाही माहीत आहे, तिच्या बाबांनाही." प्रणिता म्हणाली. "कॉलेजात होते. मुलगी झाली. वर्ध्याच्या संस्थेत दिली. नंतर खूप चकरा मारल्या, पण नियम म्हणून पत्ता दिला नाही. तिचं काय?"

"ओजस्वीच्या गळ्यात तिच्या पेशी आहेत. लस तिच्याच रक्तापासून बनेल."

"आता तिला कुठून आणू हो मी?"

"आणायला नको," केतकी म्हणाली. "ती मी आहे. ओजस्वीसाठी माझं रक्त घेतील."

प्रणिता ताडकन उठली आणि तशीच उभी राहिली. ओजस्वी मात्र केतकीचा गळा निरखून बघत होती.

"तुमचाही गळा सुजलाय."

"हो. तुझ्याएवढी होते तेव्हापासून. हाच आजार."

"मग तुमच्या गळ्यात कोण आहे?"

रोज इतरांच्या ग्रंथी तपासणाऱ्या केतकीने स्वतःची कधीच तपासली नव्हती. पडताळायला जन्मदात्या आईचा नमुनाच नव्हता. आणि इतकी वर्षे, ती झोपली असताना, हसताना, सांगलीच्या आईच्या कुशीत असताना, तिचे शरीर अहोरात्र कोणाशी लढत होते?

प्रणिताने पदर खोचला, बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"हिच्यासाठी माझं रक्त घ्या," ती म्हणाली. मग केतकीकडे बघत, अगदी हळू, "घे."