वरच्या वस्तीची सतरा मतं

आम्हाला डोंगरावरून सतरा माणसांची मतं खाली आणायची होती. प्रश्न एकच: शेजारच्या देशाकडे जाणारे पूल उघडे ठेवायचे की बंद करायचे? खाली गावात या प्रश्नावरून सख्ख्या भावांत अबोला झाला होता. न्हाव्याच्या दुकानातून माणसं अर्ध्या दाढीनिशी भांडून उठत होती. सरकारने सर्वेक्षण काढलं, आणि सोमवारपर्यंत ज्या वस्तीची नोंद येणार नाही तिच्या नावापुढे ‘मत नाही’ असं छापलं जाणार होतं.

वरच्या वस्तीपुढे ते मागच्या सर्वेक्षणांत दोनदा छापलं गेलं होतं, दोन्ही वेळा माझ्यामुळे. कचेरीतल्या खुर्चीत बसूनच मी ‘वस्ती दुर्गम, नोंद नाही’ असं लिहून मोकळा झालो होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या खेपेला वस्तीतला एक म्हातारा दोन दिवस चालून आला, माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आम्ही आहोत वर. बघून या एकदा.” एवढं बोलून तो परत गेला. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं. या वेळी मी स्वतः जाणार होतो!

आम्ही तिघं होतो. मी, माझे साहेब, ज्यांना सगळे नियम पाठ पण गुडघा अधू, आणि वाट दाखवायला वहिनी. वहिनी मूळची ओढ्यापलीकडच्या देशातली. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, दिराची वहिनी होती ती हळूहळू अख्ख्या वस्तीची वहिनी झाली. महिन्यातून एकदा पूल ओलांडून आईला भेटून यायची.

चौथा गडी म्हणजे टॅब. मागे काही महाभागांनी सीमेपलीकडच्या खानावळीत बसून खोट्या नोंदी भरल्या होत्या. म्हणून कचेरीने बंदोबस्त केला होता: नोंदी भरलेला टॅब सीमेपलीकडे दहा पावलांच्या पुढे गेला की नोंदी बाद. सीमा म्हणजे ओढ्याची मधली धार. आणि वस्तीची पायवाट? ती खालच्या लाकडी पुलावरून पलीकडच्या काठाला जाते, तासभर तिकडून चालते आणि वरच्या पुलावरून परत अलीकडे येते. कारण अलीकडच्या काठाला नुसता सुट्या दगडांचा उभा उतार आहे. वाट पाडणाऱ्याला सीमा ठाऊक नव्हती, दगड ठाऊक होते.

जाताना टॅब कोरा, बाद व्हायला काही नव्हतंच. आम्ही पायवाटेने सुखात वर पोहोचलो.

वस्ती म्हणजे सात घरं, वाकून आत जावं लागेल अशी दारं, आणि धुराने काळी झालेली छपरं. वहिनीच्या दिरापासून सुरुवात केली.

“बंद करा पूल,” तो म्हणाला. “फार येतात तिकडचे. आपल्या पोरांना काम उरत नाही.”

मी ‘बंद’वर बोट ठेवलं.

“पण सुईण तिकडची आहे. तिला येऊ द्या.”

“तसा पर्याय नाही.”

“लोहार पण. कुऱ्हाडीला धार त्याच्यासारखी कुणी लावत नाही.”

“दादा, उघडा, बंद, किंवा सांगता येत नाही. तीनच आहेत.”

“मग बंद,” जमिनीकडे बघत तो म्हणाला. “आमची वहिनी काय, आधीच आलीये इकडे.”

घरोघरी हेच. बाहेरचे नकोत, पण हा चालेल, ती हवी, तो तर आपलाच. आपला तो बाब्या! माणसं एकेक करून सगळ्यांना आत घेत होती आणि शेवटी दार लावा म्हणत होती. मला टॅब ओढ्यात फेकून द्यावासा वाटला. त्या दिवशीच फेकला असता तर बरं झालं असतं.

वहिनी अंगणात दोर गुंडाळत बसली होती. “माझं मत?” तिनं विचारलं.

“तुमचा जन्म तिकडचा, वहिनी. यादीत नाव नाही.”

“बावीस वर्षं इथली चूल फुंकतेय मी.”

मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. जणू मध्येच तिचं नाव उगवणार होतं.

दोन दिवस पाऊस कोसळला. शनिवारी उघडलं तेव्हा ओढा तपकिरी होऊन गर्जत होता. वरच्या पुलापाशी वहिनी थांबली.

“वाट तिकडून आहे,” ती म्हणाली.

“नोंदी बाद होतील,” साहेब म्हणाले. “अलीकडून जायचं.”

“दगड ओले आहेत, साहेब. पाय ठेवला की निघतील.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या म्हाताऱ्याचं वाक्य आठवलं, छातीशी बांधलेल्या सतरा नोंदी आठवल्या, आणि मी म्हणालो, “अलीकडून जाऊ.” ही चूक माझी. साहेबांवर ढकलणार नाही.

वहिनीने दोर तिघांच्या कमरेला बांधला. तीन तास आम्ही खेकड्यासारखे आडवे सरकत होतो. एक हात उतारावर, एक पाय हवेत. पलीकडच्या काठावरून एक बाई डोक्यावर लाकडं घेऊन आरामात चालत गेली. जाताना थांबून तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना.

खालचा पूल पाचशे पावलांवर दिसू लागला आणि वरून आवाज आला.

उतार हलला! पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. मी कोसळलो. दोर ताणला गेला. वहिनी एका खडकाला मिठी मारून ओरडली, “धरून ठेवा!” दगड अंगावरून गेले. धूळ. खोकला. मग नुसता ओढ्याचा आवाज.

साहेब आठ फूट खाली लोंबकळत होते. आम्ही दोघांनी त्यांना इंच इंच वर ओढून कपारीत घेतलं. पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि मांडीतून रक्त येत होतं. त्यांची पिशवी, आत फोन, ओढ्यात गेली होती. माझा फोन दोन दिवसांपूर्वीच बंद पडला होता. वहिनीकडे फोन कधी नव्हताच. उरला टॅब. त्याला या कड्याखाली रेंज नाही. रेंज पुलापलीकडे, त्यांच्या टॉवरची.

वहिनीने डोक्याच्या फडक्याचा बोळा जखमेवर दाबून धरला. “मी हात काढला तर गेले हे. तू पळ.”

“टॅब इथेच ठेव,” साहेब पांढऱ्या ओठांनी म्हणाले. “नियम...”

“खड्ड्यात गेला नियम!” मी ओरडलो.

मी पळालो. पडलो, उठलो, पुलावर पोहोचलो. मधोमध थांबलो. रेंज नाही. पुढे पावलं मोजायला लागलो. पाच. नाही. आठ. नाही. दहाव्या पावलावर मी अडलो. सतरा माणसं त्या डब्यात होती. तो म्हातारा होता.

अकरावं पाऊल टाकलं. टॅब थरथरला: ‘सीमा ओलांडली. सर्व नोंदी बाद.’ विसाव्या पावलावर रेंज आली.

तासाभरात पलीकडून चार माणसं स्ट्रेचर घेऊन आली, सोबत त्यांच्या दवाखान्याचा कंपाउंडर. साहेबांना पलीकडच्या पहिल्या घरात नेऊन त्याने फळ्या लावून पाय इतक्या हळुवार बांधला की साहेबांनी हूं की चूं केलं नाही. कंपाउंडरचं तोंड मात्र चालूच होतं.

“तुमच्याकडचे लोक फार यायला लागलेत इकडे,” तो म्हणाला. “परवा आमच्याकडे पण सर्वे झाला. मी स्पष्ट सांगितलं, बंद करा पूल. जरा पाय धरा तो.”

मी पाय धरला. हसावं की डोकं आपटावं, कळेना.

बाहेर ओट्यावर वहिनी हात धूत होती. “गेली ना सगळी मतं?” तिने विचारलं. “काय म्हणत होते लोक?”

खोटं बोलता आलं असतं. “चौदा बंद. दोन उघडा. एकाला सांगता येईना.”

“आणि माझा दीर?”

“बंद.”

तिने पाण्यातून हात काढले आणि पदराला पुसले. “सांगताना वर बघत होता की खाली?”

“खाली.”

“मग ठीक,” ती म्हणाली, पण डोळे भरले होते. थोड्या वेळाने उठली. “आलेच आहे तर आईला बघून येते. पुढं काय होईल कोण जाणे.”

सोमवारी मी कचेरीत टॅब जमा केला. वस्तीपुढे तिसऱ्यांदा ‘मत नाही’ उमटलं. त्या चौदांचं ‘बंद’ गेलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. माणसं चुकीचं बोलली असतील, पण बोलली होती, आणि मी ती आणू शकलो नव्हतो.

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: ‘सीमा ओलांडण्याचं कारण? चूक, निष्काळजीपणा, इतर.’

मी ‘इतर’ निवडलं. छोटी चौकट उघडली. मी लिहिलं: वाट तिकडून आहे.