बिल्ला नंबर एकशे बारा

ही रात्रीची गोष्ट नाही, हे आधीच सांगतो. अमावस्या नाही, स्मशान नाही. दुपारचे सव्वातीन वाजले होते, डोक्यावर रणरणतं ऊन होतं आणि दीडशे माणसं उभ्या उभ्या केक खात होती.

त्यातला एक मी.

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. मलाही ते खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

गॅसवर चालणारं मोठं वीज केंद्र उभं राहत होतं. पैसा परदेशी, यंत्रं परदेशी, घाम तेवढा आमचा. बॉयलरच्या वर, सहा मजल्यांचा लोखंडी जिना चढून गेलं की एक आडवा ड्रम होता. बारा-तेरा मीटर लांब. टोकाला माणूस कसाबसा आत सरकेल एवढं गोल दार. त्या दाराशी स्टूल टाकून बसायचं आणि आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, ते बघायचं, हे माझं काम.

शेजारी एक बोर्ड होता. आत जाणाऱ्यानं आपला पत्र्याचा बिल्ला त्यावर अडकवायचा. बाहेर आला की त्यानंच तो काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. शेंबड्या पोरालाही कळेल असा नियम.

आणखी एक नियम होता. दार लावण्याआधी पान्यानं ड्रमवर तीन ठोके द्यायचे आणि मिनिटभर थांबायचं. आत कोणी असेल तर तो आतून तीन ठोके देतो.

एकशे बारा नंबरचा बिल्ला एका ग्राइंडरवाल्याचा होता. आम्ही त्याला विसोबा म्हणायचो, कारण तो सगळंच विसरायचा. डबा, चष्मा, हातमोजे. बाहेर येऊन बिल्ला तसाच सोडून जेवायला निघायचा आणि मी जिन्यावरून ओरडायचो, "अरे विसोबा, स्वतःला तरी घेऊन जा."

तो हसत परत यायचा. सहा मजले.

त्या दिवशी परदेशी पाहुणे येणार होते. ज्यांचा पैसा, ती माणसं. एकही अपघात न होता वीस लाख तास काम झालं, म्हणून कार्यक्रम होता. आठ दिवस नुसती रंगरंगोटी चालली होती. भाड्याच्या कुंड्या आणल्या. मजुरांच्या खोल्या दिसू नयेत म्हणून पत्रे ठोकले. मळक्या कपड्यातल्या माणसांना त्या पत्र्यांमागे बसायला सांगितलं. ज्यांनी ते केंद्र बांधलं त्यांनाच. मला तेव्हाही किळस आली होती, पण मी नवीन हेल्मेट घालून पत्र्याच्या अलीकडे उभा होतो, मग काय बोलणार.

साडेबाराला सुरक्षा साहेब वर आले. घामाघूम.

"दार लाव. नायट्रोजन भरायचाय. पाहुण्यांना ड्रम बंद दाखवायचाय."

नवा ड्रम गंजू नये म्हणून त्यात नायट्रोजन भरून ठेवतात. त्याला वास नसतो, रंग नसतो. पण आत नुसता तोच असला तर माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो.

मी बोर्डाकडे पाहिलं. सगळे एकदम जेवायला गेले होते, बाहेर पडणारी डोकी मी मोजली नव्हती. एक बिल्ला लटकत होता.

एकशे बारा.

"साहेब, हा..."

"विसरला असेल नेहमीसारखा. तूच सांगतोस ना त्याचे किस्से? काढ तो. बोर्ड रिकामा दिसला पाहिजे."

मी डोकं आत घालून हाक मारली. आत जाळ्या आणि पत्रे असतात, पलीकडचं टोक दिसत नाही. उत्तर आलं नाही. मी दार ओढलं आणि पाना घेऊन तीन ठोके दिले.

"चल, चल," साहेब म्हणाले.

मी थांबलो नाही.

बोल्ट आवळले. बिल्ला खिशात टाकला. खाली जाऊन साबणानं हात धुतले.

सव्वातीनला एक पाहुण्या बाई बोलत होत्या, आमचा माणूस भाषांतर करत होता. केकवर क्रीमनं वीस लाखाचा आकडा काढला होता. माझ्या वाट्याला त्यातलं एक शून्य आलं. मी तोंडात घास घातला आणि...

ठण्. ठण्. ठण्.

वरून. सहाव्या मजल्यावरून.

बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. भाषांतर करणाऱ्यानं वर पाहिलं. म्हणजे मला एकट्यालाच भास झाला, असं म्हणायची सोय नाही.

साहेब हसले. "उन्हानं लोखंड तापून वाजतंय, मॅडम."

बाईही हसल्या. सगळे हसले. मी घास गिळला.

दुसऱ्या दिवशी विसोबाची बायको गेटवर आली. नवरा घरी आला नाही म्हणून. गेटवाल्यानं हाकलली. तिसऱ्या दिवशी परत आली. मी खिशातला बिल्ला साहेबांना दाखवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण आधी त्यांनी काय विचारलं माहितीये?

"आणखी कोणाला दाखवलास?"

उजाडता उजाडता आम्ही पाच जणांनी दार उघडलं. नायट्रोजन जाऊन आत हवा खेळायला तासभर लागला. मग जो वास आला, तो सांगू नये. तरी सांगतो, कारण मला एकट्यालाच का? गोड होता. तुपकट गोड. बाहेर ठेवून फसफसलेल्या क्रीमसारखा.

तो पार पलीकडच्या टोकाला होता. कानात कापसाचे बोळे, एका हातात पुसायचं फडकं. पाहुण्यांसाठी ड्रम लख्ख दिसावा म्हणून जेवण सोडून पुसत बसला होता.

डॉक्टर म्हणाले, दार लावल्यावर फार तर तासाभरात गेला असेल. म्हणजे दीडच्या सुमारास.

मग सव्वातीनला कोणी ठोकलं?

कागद तयार झाला. हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हता, परवानगी न घेता आत झोपायला गेला, बोर्डवर त्याचा बिल्ला नव्हता. बोर्ड रिकामा होता हे खरंच होतं. मीच तर केला होता. मी सही केली. वीस लाखाचा आकडा गेटवरच्या फलकावर तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे वाढू लागला.

बिल्ला मी घरी नेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवला. फेकवेना, देववेना.

आठवड्याने पुन्हा दाराशी ड्युटी लागली. सकाळी सगळ्यांत आधी मी वर पोचलो. ड्रम बंद. आसपास कोणी नाही. बोर्डवर...

एकशे बारा.

त्याच्या भोकात पिवळा दोरा बांधलेला. माझ्या डब्यातल्या बिल्ल्याला दोरा नव्हता.

मी तो उपटून काढला. बोटांना काहीतरी चिकट लागलं आणि तोच वास आला. घरी येऊन पाहिलं तर डबा रिकामा. मी बिल्ला आत टाकला, वर झाकण दाबलं. तीन दिवसांनी तो परत बोर्डवर होता. मग पुन्हा. दर वेळी मी काढायचो आणि दर वेळी हात घासायचो. साबण, रॉकेल, राख. बायको म्हणायची, "कातडं जाईल अशानं." जेवताना घास तोंडाशी नेला की आधी बोटांचा वास घ्यायचो आणि घास ताटात परत ठेवायचो.

शेवटी नोकरी सोडली. माझा बिल्ला चाळीस नंबरचा, तो गेटवर जमा केला. पावती आहे माझ्याकडे.

मागच्या महिन्यात धीर करून विसोबाच्या घरी गेलो. एका खोलीत वहिनी कपड्यांना बटणं लावत बसल्या होत्या.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. मला ओळखत होत्या. विसोबा माझे किस्से घरी सांगायचा म्हणे.

मी बोलायच्या आत त्याच बोलल्या. "लोक म्हणतात, कामचुकार होता, झोपायला गेला आणि मेला. मुलीला शाळेत चिडवतात. भाऊ, विसरायचे ते, पण चुकारपणा नव्हता हो. आणि शेवटचे आठ दिवस तर बिल्लाही विसरले नाहीत. मी शर्टाच्या बटणाला पिवळा दोरा बांधून दिला होता. दोरा दिसला की बिल्ला आठवायचा. तो दोरा काही परत मिळाला नाही."

मी सोबत आणलेला एकशे बाराचा बिल्ला त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी गाठ बोटांनी चाचपली. "ही गाठ माझीच," म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"ठोकल्यावर थांबला होतात?"

"नाही."

त्यांनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "हे सगळं लिहून, खाली सही करून द्याल? मुलीला तरी दाखवता येईल."

आणि मी काय म्हणालो?

"बघतो, वहिनी."

सहा मजले परत चढून येणाऱ्या माणसाच्या बायकोला मी म्हणालो, बघतो. थुंकावंसं वाटतं स्वतःवर. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत, त्या जुन्या कागदावर माझी सही आहे, माझी पण पोरं आहेत. कारणांना काय तोटा.

मंगळवारी दुपारी घरी आलो. दाराच्या आत किल्ल्या अडकवायला एक खिळा आहे. त्याच्यावर...

पत्र्याचा बिल्ला. पिवळा दोरा, तशीच गाठ.

नंबर चाळीस.

तेव्हापासून तो तिथेच आहे. काढायला हात जातो आणि परत येतो. आपला बिल्ला आपणच काढायचा, ते खरं. पण त्याआधी बाहेर यावं लागतं.

आज दुपारी भिंतीतून तीन ठोके आले. मी उत्तर दिलं नाही. हे लिहायला बसलो, तेही खाली नाव न घालता.

बाहेर कोणीतरी अजून थांबलंय.