दुबार नोंदींतली एकटी नोंद

तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोलीस तपासनीस मार्लिस थोर्सगार्डचा बूट सर्रकन घसरला. कठडा हाताशी होता म्हणून वाचली. खाली रक्ताचं थारोळं होतं.

नॉर्बर्ट झील्के खुर्चीतच होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, चीझच्या कारखान्यात जन्मभर मुकादमी केलेला धिप्पाड म्हातारा. डोक्याची मागची बाजू पार चेचलेली. एका घावाचं काम नव्हतं ते, चारपाच घाव होते. समोरच्या कॉम्प्युटरवर शिंतोडे उडाले होते. बाजूला नळकामाचा दोन हात लांब पाना पडला होता आणि त्याच्या जबड्यात पांढरे केस अडकले होते.

म्हाताऱ्याचे पाय कवटाळून त्याच्याकडेच राहणारा नातू कोडी जमिनीवर बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

"पाना कुणाचा?" मार्लिसनं विचारलं.

"माझा."

"इथं कसा?"

"गरम पाण्याची टाकी गळत होती. मंगळवारपासून इथंच ठेवला होता."

"तू केलंस हे?"

कोडीनं वर पाहिलं. "मी कामावरून आलो तर आजोबा असे... मी हलवत होतो त्यांना. उठतील म्हणून." त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

शेरीफ ड्युएन फायफरला एवढं पुरलं. त्यानं कोडीच्या हातात बेड्या ठोकल्या आणि त्याला जवळजवळ फरफटतच वर नेलं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात कोडीला ओळखत नाही असं कोण होतं? मारामाऱ्यांपायी दोनदा आत जाऊन आलेला. मध्यंतरी सुधारला होता बिचारा. अँबर नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी ती वृद्धाश्रमातली पाळी संपवून सायकलवरून घरी येत होती, तेव्हा कुणीतरी तिला उडवून पळून गेलं. सकाळी रस्त्याकडेच्या मक्यात सापडली. गाडी सापडली नाही, चालवणारा हरामखोरही सापडला नाही. रस्त्यावर काचेचा चुरा तेवढा मिळाला. तेव्हापासून कोडी पुन्हा बाटलीला चिकटला. गेल्या रविवारी चर्चच्या आवारात, साऱ्या गावादेखत, आजोबांनी त्याच्या कानाखाली वाजवली होती.

"आणखी काय पाहिजे तुला?" शेरीफ परत खाली येत म्हणाला. "पाना त्याचा, रक्त त्याच्या हाताला, भांडण जगजाहीर. सोमवारी कोर्टात उभा करतो. जन्मठेप. मरेपर्यंत बाहेर येत नाही तो."

"म्हातारा मेला कधी?"

"शेगडी धगधगतेय ना इथं, त्यामुळे डॉक्टर नक्की सांगत नाही. चार ते साडेसहा म्हणतो. पण हा कॉम्प्युटर सांगतो की! सहा वाजता बँकेतले व्यवहार उतरवून घेतलेत म्हाताऱ्यानं. म्हणजे सहाला जिवंत होता. साडेसहाला कोडी आला. मिटलं."

मार्लिस पडद्यापाशी वाकली. घरखर्चाचा प्रोग्रॅम उघडा होता. बँकेतून व्यवहार आपोआप ओढून वहीत मांडणारा. तिच्याही घरी तोच होता आणि त्यानं तिचंही डोकं काही कमी खाल्लं नव्हतं. हातमोजा घातलेल्या बोटानं तिनं बँकेचं बटण दाबलं. चाक फिरलं आणि 'नवीन काही नाही' असं आलं. मग ती यादी वाचत गेली. किराणा, किराणा. पेट्रोल, पेट्रोल. चर्चची देणगी, चर्चची देणगी. गाडीची काच. औषधं, औषधं. तीन महिन्यांची पानंच्या पानं अशीच.

"एवढा काटेकोर माणूस," ती पुटपुटली, "आणि हा काय घोळ घालून ठेवलाय?"

"वय झालं होतं गं," शेरीफ म्हणाला. "चल वर."

शनिवारी सकाळी मार्लिस नॉर्बर्टच्या मुलीकडे, कोडीच्या आत्याकडे गेली. जोलीनचे डोळे रडून सुजले होते. तिचा नवरा रँडल फॉइक्ट शेतीची यंत्रं विकायचा. बोलण्यात पटाईत, गावातल्या म्हाताऱ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून देणारा म्हणून लोकांचा लाडका. त्यानं स्वतःच कॉफी ओतून दिली.

"वडील हिशोब कसा ठेवायचे?" मार्लिसनं विचारलं.

"पावती खिशातून निघाली की आधी स्वतः लिहायचे," जोलीन म्हणाली. "मग बँकेकडून आलेली नोंद तिच्याशी जुळवायची आणि दोन्हींची एक करायची. एकेक करून. बँकेवर भरवसा ठेवावा, पण तिचा हात धरून, असं म्हणायचे."

"पासवर्ड कुणाला ठाऊक होता?"

"आई होती तोवर तिलासुद्धा सांगितला नाही कधी. कॉम्प्युटरमध्येही साठवून ठेवायचे नाहीत. दर वेळी एका बोटानं, शिव्या घालत, नव्यानं टाइप करायचे."

"आणि अडचण काय चालली होती?"

"सप्टेंबरपासून काही उतरतच नव्हतं," रँडल म्हणाला. "बँकेनं काहीतरी बदललं असणार. दर आठवड्याला जाऊन मी डोकं फोडून घेत होतो. शेवटी त्यांचं त्यांनाच जमलं म्हणायचं."

"शेवटचा कधी गेला होतास?"

"बुधवारी."

"काल बाबांचा फोन आला होता ना तुला? दुपारी?" जोलीननं विचारलं.

"टाकीबद्दल होता. म्हटलं, कोडीला सांगा."

"नंतर कुठं होतास?" मार्लिसनं विचारलं.

"साडेचारपासून बारमध्ये. शुक्रवारची तळलेली मासळी चुकवतो का मी? सोडतीत डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम जिंकलं. सहाला टेबलावर उभा राहून ओरडत होतो. विचार कुणालाही!" तो हसला. जोलीन हसली नाही.

"तुमच्या घरचा हिशोब कोण बघतं?"

"मीच," जोलीन म्हणाली. "बाबांचीच लेक ना. एक सेंट इकडचा तिकडे झाला तरी मला कळतो."

"वडलांच्या खात्याचं कार्ड त्यांच्याशिवाय कुणाकडे असायचं?"

"एक रँडलकडे असतं. त्यांची औषधं, किराणा तोच आणून द्यायचा."

मार्लिसनं कॉफी तशीच ठेवली आणि तुरुंग गाठला.

म्हाताऱ्या आजोबाला मारणाऱ्याची कोठडीत कोण पूजा करणार? कोडीचे पुढचे दोन दात पडले होते, एक डोळा मिटला होता.

"रविवारी आजोबांनी का मारलं तुला?"

"सकाळी सकाळी पिऊन गेलो होतो चर्चला. मारलं आणि मग स्वतःच रडले. म्हणाले, तिला मारणारा सापडेपर्यंत तरी जिवंत राहा रे गाढवा."

"शुक्रवारी बोलणं झालं होतं?"

"साडेतीनला फोन आला. मी कामावर होतो. म्हणाले, बँकेतल्या पोरीनं फोनवर सगळं लावून दिलं, व्यवहार उतरले अखेर."

"खुशीत होते?"

"नाही ना! आवाज थरथरत होता. म्हणाले, काम संपलं की सरळ घरी ये, बारमध्ये थांबू नकोस. फोनवर सांगण्यासारखं नाही." कोडीनं भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. मार्लिसनं गजांतून हात घालून त्याची कॉलर धरली. "मी थांबलो, मार्लिस. एकच पेग म्हणून थांबलो."

"कुठल्या बारमध्ये?"

"कारखान्याजवळच्या. सव्वासहाला निघालो."

मार्लिस उठली ती थेट तळघरात गेली. पुन्हा सगळी यादी वाचली, या वेळी बोट ठेवून. मग बाहेर येऊन तिनं शेरीफला फोन लावला. "ड्युएन, रँडलचा ट्रक ताब्यात घे. आणि मला शिव्या नंतर दे."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे जोलीनच्या स्वयंपाकघरात जमले. शेरीफनं कोडीला बेड्यांसकट आणून बसवलं होतं. रँडल ओट्याला टेकून उभा होता.

"या खुन्याला माझ्या घरात कशाला आणलंत?" तो म्हणाला.

"खुनी आधीपासून इथंच होता," मार्लिस म्हणाली. "बसतोस का?"

तो बसला नाही.

"नॉर्बर्ट बँकेची नोंद आपल्या नोंदीशी जुळवून एक करायचे. शुक्रवारी दुपारी व्यवहार उतरले तेव्हा त्यांनी तेच केलं. सहा वाजता ते सगळे व्यवहार पुन्हा उतरले आणि जुळवाजुळव न होता तसेच वहीत जाऊन बसले. म्हणून सगळं दुबार झालं. ते काम नॉर्बर्टचं नव्हे."

"मग या दारुड्याचं असेल!"

"सहाला हा दोन मैलांवर पीत होता. बारवाल्यानं सांगितलं. सहाला त्या तळघरात जिवंत माणूसच नव्हता, रँडल. मी बटण दाबलं तेव्हा प्रोग्रॅमनं पासवर्ड मागितलाच नाही. कुणीतरी तो आत साठवला होता. सहा वाजले की आपणहून व्यवहार ओढायचे आणि वहीत मांडायचे, असंही सांगून ठेवलं होतं. प्रेताशेजारी मशीन एकटंच राबत होतं आणि तू टेबलावर चढून हॅम मिरवत होतास."

"मला कुठं ठाऊक होता पासवर्ड?"

"दर आठवड्याला खुर्चीमागे उभा राहायचास. पुढचा माणूस एका बोटानं टाइप करतोय. आंधळ्यालाही पाठ झाला असता!"

"पण का?" जोलीनचा आवाज फाटला. "बाबांनी काय घोडं मारलं होतं याचं?"

"बँक तीन महिन्यांमागचं काही पाठवत नाही, जोलीन. हा दुरुस्त करायला जातच नव्हता, मुद्दाम बिघडवून यायचा. नोव्हेंबरचे आणखी दोन आठवडे काढले असते तर एक नोंद नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे कधीच आली नसती. पण ते कंटाळले आणि त्यांनी बँकेला फोन केला. ती नोंद दिसली तशी त्यांनी याला बोलावून विचारलं. यानं समोरचा पाना उचलला."

"कुठली नोंद?"

"त्या यादीत सगळं जोडीनं आहे. एकच एकटं. अँबर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, शंभर मैलांवरच्या गावातलं, गाडीची पुढची काच बदलल्याचं बिल. तुमच्या कार्डावर घेतलं असतं तर तुला कळलं असतं. म्हणून यानं म्हाताऱ्याचं कार्ड वापरलं. म्हाताऱ्याचा कॉम्प्युटर काय, आपल्याच हातात आहे असं वाटलं त्याला."

कोडी खुर्चीत ताठ झाला.

"खून केल्यावर यानं ती नोंद पुसली," मार्लिस सांगत राहिली. "पण पासवर्ड साठवायचा तर तो प्रोग्रॅम खातं नव्यानं जोडायला लावतो. आणि नव्यानं जोडलं की बँक तीन महिन्यांचं सगळं पुन्हा पाठवते, पुसलेलंसुद्धा. माझ्या घरी हेच झालं होतं, अख्खी सुट्टी गेली निस्तरण्यात. बाकीच्या नोंदी होत्याच, त्यांच्या दोन झाल्या. पुसलेली मात्र एकटीच परत आली. बिघडवण्यात याचा हात धरणारा कोणी नाही, पण नीट जोडायचं काम यानं पहिल्यांदाच केलं होतं."

"हरीण धडकलं होतं!" रँडल ओरडला. "या राज्यात कुणाच्या गाडीला हरीण धडकत नाही?"

"धडकलं की माणूस विमेवाल्याला फोन करतो आणि आठवडाभर बारमध्ये गोष्ट सांगतो. तू ब्र काढला नाहीस. काल रात्रीपासून तुझा ट्रक उघडलाय. दिव्यामागच्या खोबणीत सायकलचा जांभळा रंग सापडला. आणि रक्त."

रँडलचा हात मागे गेला. ओट्यावरची मांस कापायची सुरी त्यानं उचलली आणि जोलीनला केसांना धरून पुढ्यात ओढलं. शेरीफ जाडा होता, पण त्या क्षणी विजेसारखा हलला. दांडुका मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुरी खाली पडली, जोलीनही कपाळ ओट्यावर आपटून फरशीवर पडली. रँडल गुडघ्यांवर कोसळला.

"प्यायलो होतो मी," तो विव्हळला. "अंधार होता. मी उतरून बघितलं तिला..."

"उतरलास?" कोडीनं विचारलं. पहिल्यांदाच बोलला तो. "जिवंत होती?"

रँडलनं मोडलेलं मनगट पोटाशी धरलं.

"जिवंत होती का?"

"हात हलत होता तिचा."

कोडी कधी उठला ते कुणाला कळलं नाही. बेड्यांतले दोन्ही हात त्यानं रँडलच्या डोक्यावरून घातले आणि साखळी गळ्याशी आवळली. रँडलचे डोळे बाहेर आले, टाचा फरशीवर घासू लागल्या. मार्लिसनं अडवायला हवं होतं. अडवलंही, पण जरा उशिरानंच, आणि त्याची लाज तिला पुढं कधी वाटली नाही.

"सोड, कोडी! हा मेला तर तू खरंच खुनी होशील!"

साखळी सैल झाली नाही. शेरीफनं ओढलं, तरी नाही.

मग जोलीन फरशीवरून उठली. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तिनं कोडीचा सुजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला.

"माझ्या बापाचं एवढंच उरलंय मला," ती म्हणाली. "तूच उरलायस रे. या कुत्र्यापायी तुलाही घालवू का मी?"

कोडीनं हात उचलले. साखळी वर निघाली. रँडल खोकत, ओकत आडवा पडला आणि शेरीफनं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला.

मार्लिसनं कोडीच्या बेड्या काढल्या. मनगटं सोलवटली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, रँडलकडेही नाही.

"आत्या," तो म्हणाला, "गाडीची किल्ली घे."

"कुठं जायचंय?"

"आजोबांच्या घरी. तळघर धुवायचंय. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

जोलीननं कपाळाला फडकं बांधलं आणि सिंकखालची बादली काढली.