ड्रममधलं लुगडं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी यादोराव रामटेके मोहाडीच्या एसटी स्टँडवर पार्सल सोडवायला गेले. पार्सल आकाराने मोठं, पण वजनाला हलकं होतं. आत जाळीची पाच गोल पानं होती. ड्रमचं नेहमीचं पान काढून त्या जागी ही जाळी ताणली, की काठी कितीही जोरात मारा, चादरीवर बोट आपटल्याएवढाच आवाज होतो. जाळीखाली चिकटवलेली पितळी चकती तो धक्का पकडते, वायरीतून एका डबीकडे पाठवते, आणि ज्याच्या कानावर हेडफोन असेल त्याला एकट्यालाच ड्रम ऐकू येतो. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काही कळत नाही.

यादोरावांना नेमकं तेच हवं होतं. शेजारच्या खोलीत त्यांची सासू तुळसा होती.

ड्रम होता तुळसाच्या मुलाचा, सुगतचा. श्यामरावांच्या भीमगीत पार्टीत तो बारा वर्षं वाजवत होता. सव्वा वर्षापूर्वी कार्यक्रमाला जाताना आसगावच्या अलीकडच्या वळणावर पार्टीचा टेम्पो उलटला आणि पुढच्या सीटवर खिडकीशी बसलेला सुगत जागीच गेला. ड्रम मात्र शाबूत घरी परत आला. त्याच दिवशी, तो निघाल्यावर पण बातमी घरी पोचायच्या आधीच, तुळसाला लकवा मारला होता. ती भंडाऱ्याला दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. म्हणून तिची मुलगी रत्नमाला आणि जावई यादोराव यांनी ठरवलं, की सुगत पुण्याला कंपनीत लागला असं सांगायचं. दोघं आपलं बिऱ्हाड उचलून तिच्या घरी राहायला आले. दर रविवारी यादोराव परसात न्हाणीमागे जायचे, मोबाइलवर दुपट्टा धरायचे आणि सुगतसारखं बोलायचे. आत रत्नमाला आईच्या कानाला फोन लावून बसायची.

"माय, बरी हायेस ना?"

"बरं बाप्पा," तुळसा म्हणायची. दर वेळी तेवढंच.

तिचा डावा हात आणि डावा पाय गेला होता. कान मात्र दोन्ही शाबूत होते. बोळीतून कोणाची सायकल गेली हे ती आवाजावरून सांगायची.

आता चौदा एप्रिलला पुन्हा आसगावचाच कार्यक्रम होता. श्यामराव घरी आले होते. "यादोराव, सुगतनं तुमाले शिकवलं होतं ना? मंग आता नाई नोका म्हणू. ड्रमबिना गाणं मुकं लागते." रत्नमालाने चहा ठेवताना कप जरा जोरातच ठेवला होता. पण यादोराव हो म्हणाले. सराव तर घरीच करावा लागणार होता, आणि त्या घरात ड्रमची एक थाप जरी पडली असती तरी तुळसाने विचारलं असतं, सुगत आला का.

यादोरावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हे काम ते पुस्तकं आणि यंत्रं उघडून उघडून शिकले होते, आणि जे केलं ते तारीख-वेळ घालून वहीत लिहायची त्यांना सवय होती. चार दिवस ते रोज दुपारी तुळसाला डुलकी लागली की बाहेरच्या खोलीत बसत. प्रत्येक चकतीला दोन वायरी डाग देऊन जोडल्या. चकती आणि जाळीच्या मधे बसवायला फोमचे सुळके कापले. जाळ्या ताणल्या. पाचव्या दिवशी पायाने वाजवायचा मोठा ड्रम उघडला.

आत एक लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, चौघडी घालून तळाशी दाबून बसवलेलं. ड्रम घुमू नये म्हणून वाजवणारे आत काही ना काही कोंबतात. कोणी उशी, कोणी घोंगडीचा तुकडा. सुगतने आईचं जुनं लुगडं घातलं होतं. त्याला खोबरेल तेलाचा आणि बंद पेटीचा वास होता. आता तिथे फोम बसणार होता, म्हणून यादोरावांनी ते बाजूला टाकलं. रत्नमालाने ते पाहिलं, झटकलं, उन्हात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गारवा होता म्हणून आईच्या अंगावर पांघरलं.

तुळसाने काठ उजव्या हाताने नाकाशी नेला.

"रत्ना, हे तं ड्रममंदलं हाय. ड्रम कोनं उघडला?"

"उंदरं झाले होते माय, म्हणून यायनं साफ केला," रत्नमाला म्हणाली. तुळसाने पुढे विचारलं नाही. लुगडं मात्र तिने त्या दिवसापासून सोडलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी यादोरावांनी डबी चालू केली, हेडफोन लावला आणि पहिल्यांदा वाजवून पाहिलं. आवाज स्वच्छ येत होता. डबीवर मोठ्या ड्रमचा नंबर पहिला होता. थाप पडली की एकचा हिरवा दिवा लागे. त्यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि वही उघडली. तेवढ्यात कानात मोठा ड्रम वाजला.

धप… धप.

त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. ड्रमवर ठोका मारणारा पायटा त्यांच्यापासून हातभर दूर होता. एकचा दिवा लागून विझला.

यादोराव घाबरले नाहीत. चकतीला कुठलाही हादरा पुरतो, हे त्यांना माहीत होतं. वहीत त्यांनी लिहिलं: २ वा. १० मि. नं. १, दोन वेळा. कारण: धान गिरणी? मग डबीचा कान जरा बधिर केला, म्हणजे बारीक हादरे ती धरणार नाही. रविवारी गिरणी बंद होती. दोन वाजून बारा मिनिटांनी पुन्हा दोन ठोके पडले. सोमवारी त्यांनी ड्रमखाली रबर घातलं. पुन्हा दोनच.

मग त्यांना तुळसाचा संशय आला. तिची खाट पलीकडून त्याच भिंतीला टेकलेली होती. ती उजव्या हाताने भिंतीवर वाजवत असणार. पण का? आणि रोज तितकेच, दोनच का? एकदा त्यांना रत्नमालाचाही संशय आला. श्यामरावांच्या टेम्पोत त्यांनी बसावं हे तिला मुळीच पटलेलं नव्हतं. एका दुपारी ते म्हणाले, "रत्ना, खरं सांग. भितीवर तू ठोकत असतेस का?"

"मी?" ती भाकरीचं पीठ मळत होती. "मले का तेवढाच धंदा हाय? तुमीच मायच्या डोक्याशी ते खोकं घेऊन बसता, अन् नाव माहं घेता. अन् हे पहा, भूतबीत म्हणून कोनाजवळ बोलू नोका. वस्तीतले लोक हासतील. माह्या मायनं छप्पन सालीच देव्हारा नदीत सोडला हाय."

"भूत कोन म्हणलं? मी हादरा म्हणून राहिलो."

"मंग हादरा शोधा."

यादोरावांनी तो शोधायचं ठरवलं. पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर दोघांनी मिळून तुळसाची खाट भिंतीपासून दोन हात ओढली. मधलं दार सताड उघडं ठेवलं. रत्नमाला आईचा उजवा हात आपल्या हातात धरून बसली. यादोरावांनी पाय वर घेऊन स्टुलावर मांडी घातली, एक कान हेडफोनमध्ये आणि एक कान मोकळा ठेवला. ठरलं असं, की ठोका पडला की त्यांनी बोट वर करायचं.

घर शांत होतं. शेजारच्या परसातल्या दगडावर कोणीतरी भांडं घासत होतं, तेही थांबलं. लुगड्याचा तो खोबरेल वास बाहेरच्या खोलीतही येत होता.

धप… धप.

त्यांनी बोट वर करायच्या आतच पलीकडून तुळसाचा आवाज आला.

"रत्ना, भात वाढ. भुका हाय तो."

रत्नमालाने उघड्या दाराकडे पाहिलं. "कोन, माय?"

"दोन मारले ना आता? दोन म्हणजे भुका. पहाटे कार्यक्रमावरून आला का तो घरादाराले उठवत नव्हता. ड्रम ठेवे अन् पायानं हळूच मारे. मले भितीतून ऐकू ये. एक मारला का जेवून आला. दोन मारले का भुका. तीन मारले का सोबत कोनी हाय, त्याचंही वाढ."

यादोराव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता. ठोके फक्त त्यातच वाजले होते.

"माय… सुगत तं पुण्याले…"

"जवाईबापू," तुळसा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी आता फोन नोका करू. फोनवर बोलते तो माहा सुगत नोहे. मी का तुमचा आवाज ओळखत नाई?"

रत्नमाला रडत रडत म्हणाली, "तुले मालूम होतं, तं इतले दिवस बोलली काहून नाई?"

"तुमी दोघं इतली मेहनत करून राहिले होते… म्हणून बरं बाप्पा, बरं बाप्पा म्हणत होती." तिने लुगड्याचा काठ मुठीत घेतला. "पोरगं गेलं तं गेलं. पन उपाशी काहून राहावं?"

यादोरावांना लाज वाटली, आणि त्या लाजेच्या मागे एक थंड प्रश्न उभा राहिला. त्यांनी हळूच विचारलं, "अन् माय, चार मारत होता का कधी?"

तुळसा भिंतीकडे बघत म्हणाली, "एकदाच. आसगावले गेला त्या दिवशी. ड्रम टेम्पोत चढवायच्या आधी चार मारले. मी म्हणलं, काय रे, चार काहून? तो म्हणे, माय, म्या नाई मारले."

त्या दुपारी रत्नमालाने बाहेरच्या खोलीत ड्रमशेजारी एक ताट ठेवलं आणि झाकलं. मेलेल्यासाठी ताट वाढायची रीत त्या घराने कधीच सोडून दिली होती, म्हणून तिने आधी बोळीकडची खिडकी लावून घेतली. भात तसाच राहिला. संध्याकाळी तो शेजारच्या बकरीला घातला. पण हेडफोनमध्ये त्या दिवशी चार वाजता एक ठोका पडला. एकच. त्यानंतर रोज ताट झाकलं की एक ठोका यायचा. यादोरावांनी श्यामरावांना बोलावून हेडफोन त्यांच्या कानाला लावला. श्यामराव दहा मिनिटं बसले आणि म्हणाले, "कुठं काय? तुमी जरा झोपत जा." दिवा लागला होता, पण त्यांनी तो पाहिला नाही, की पाहूनही बोलले नाहीत, हे यादोरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एप्रिलच्या दोन तारखेला, सकाळच्या चहाआधी, तुळसा झोपेतच गेली. तिच्या मुठीतून लुगडं सुटेना, म्हणून ते तिच्यासोबतच सरणावर गेलं. यादोरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी ते जळताना पाहिलं. लाल काठ सगळ्यांत शेवटी गेला. तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. त्या दुपारी त्यांनी सहज हेडफोन लावला.

धप… धप… धप.

त्यांनी रत्नमालाला सांगितलं. ती आत गेली आणि तिने दोन ताटं वाढली. तेव्हा यादोरावांना प्रथमच थोडं बरं वाटलं. दोघं भेटले, असं त्यांनी वहीत लिहिलं, मग खोडलं. त्या दिवसानंतर डबी गप्प झाली. दहा दिवस एकही ठोका नाही.

चौदा तारखेला दुपारी तीन वाजता टेम्पो दाराशी आला. त्याचा नवा रंग उन्हात चमकत होता. यादोराव पांढरा सदरा घालून ड्रम बांधायला बसले. आधी त्यांनी डबी बंद केली, तिची वायर भिंतीतून काढली आणि कार्यक्रमात स्पीकरला जोडायची म्हणून ती पिशवीत घातली. मग एकेका चकतीची वायर सोडवून गुंडाळली. हेडफोन पेटीत ठेवला. आता त्या खोलीत आवाज काढू शकेल असं काहीच उरलं नव्हतं. जाळीला आवाज नसतो.

त्यांनी मोठ्या ड्रमला हात घातला आणि तेवढ्यात तो वाजला.

धप. धप. धप. धप.

हा डबीतला आवाज नव्हता. खोलीभर आला, लाकडाचा, खरा. आणि दबका… आत कापड कोंबलेलं असावं तसा.

आतून रत्नमालाचा आवाज आला. "अवो… चार काहून मारले?"

यादोरावांनी दुकानची टॉर्च काढली, गुडघ्यावर बसले आणि जाळीला टॉर्च टेकवली. जाळीच्या बारीक भोकांतून उजेड आत गेला. फोम दिसला नाही. तळाशी चौघडी घातलेलं काहीतरी हिरवं होतं, आणि त्याच्या कडेने लाल काठ. जाळीतून खोबरेल तेलाचा वास आला.

बाहेर हॉर्न वाजला. मग श्यामरावांची हाक आली.

"चला ना यादोराव, सारे बसले! पुढची खिडकीची जागा तुमच्यासाठीच ठेवली हाय."