चार नंबरचा कप्पा

मी पकडले गेले तेव्हा अर्धं अंडं माझ्या तोंडात होतं.

संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. आमच्या अँब्युलन्स कंट्रोल रूमच्या मागे जेवणाची एक चिंचोळी खोली आहे आणि तिथे एक फ्रिज. फ्रिजचे कप्पे माणसांच्या नावावर नाहीत, खुर्च्यांच्या नंबरावर आहेत. चार नंबरच्या खुर्चीवर सकाळी सात ते संध्याकाळी सात मी फोन घेते, आणि तिथून सकाळपर्यंत दुसरं कोणीतरी. म्हणजे कप्पा दोघांचा. मी त्यात पाण्याच्या बाटलीशिवाय कधी काही ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पोटात दिवसभराची बिस्किटं आणि मशीनचा चहा, समोर निळ्या झाकणाचा डबा... माझी नियत फिरली.

"मीठ बरोबर आहे का?" मागून आवाज आला.

दारात एक उंच माणूस उभा होता, हातात ओली छत्री. आजपासून रात्रीच्या पाळीला रुजू होणारा तो हाच. तासभर आधी येऊन, डबा ठेवून, कागदांवर सह्या करायला वर गेला होता. नव्या माणसाचा पहिल्या दिवसाचा डबा मी खाल्ला होता.

मी घास गिळला. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

"थोडं कमी आहे," मी म्हणाले.

तो हसला. असा हसला की मला उरलेलं अंडंही खावंसं वाटलं.

ताबा देताना मी त्याला बाहेर असलेल्या गाड्या सांगितल्या, अर्धवट राहिलेला कॉल सांगितला. त्याने खुर्ची चार बोटं वर घेतली आणि खण उघडला. खणात माझी बिस्किटांची अकरा पाकिटं होती. दुकान काढायचा विचार आहे का, त्याने विचारलं. मी चिडले, आणि चिडल्यावर मी खरं बोलते. गेल्या आठवड्यात कॉल चालू असतानाच मला चक्कर आली होती. मदत मागायला फोन केलेल्या बाईंनीच मला विचारलं होतं, "तुम्ही ठीक आहात ना?" हिमोग्लोबिन निघालं आठ पॉइंट नऊ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडमनी मुदत. तीन महिन्यांत अकराच्या वर गेलं नाही तर खुर्ची सोडून रेकॉर्ड रूममध्ये फायली लावायच्या.

सात वर्षं मी त्या खुर्चीवर होते. घाबरलेल्या माणसाला पहिला आवाज ऐकू येतो तो माझा. ती खुर्ची गेली तर मी कोण, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

त्याने बिस्किटं जप्त केली. मी ठरवलं, आता आपलं आपणच सुधारायचं. दुसऱ्या दिवशी गाजरं घेऊन गेले. दोन कॉलच्या मध्ये एक कडकन चावलं, तेवढ्यात फोन आला, घास तसाच तोंडात. आजोबा बाथरूममध्ये घसरले होते, आणि आजी माझं ऐकता ऐकता मध्येच म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडे काय मोडतंय?" संध्याकाळी त्याला हे सांगितलं तर तो हसून हसून भिंतीला टेकला.

त्यानंतरच्या सकाळी कप्प्यात निळा डबा होता आणि वर चिठ्ठी. *दिवसपाळीसाठी. नऊ, बारा, तीन. सगळं मऊ आहे, आवाज होणार नाही. मीठ वाढवलंय.*

आत तीन छोट्या डब्या. उकडलेलं अंडं, चार फोडी करून. शिजवलेले हरभरे, वर लिंबू पिळलेलं. बिया काढलेले खजूर. प्रत्येक गोष्ट एका घासाची, म्हणजे फोन आलाच तर अर्धा घास हातात राहायला नको. गोळीनंतर तासभर चहा नाही, हेही त्याने लिहून ठेवलं होतं. मी पाठीमागे लिहिलं, *मीठ आता जास्त झालं. आभारी आहे, रात्रपाळी.*

असं सुरू झालं. संध्याकाळी तो डबा घेऊन यायचा, सकाळी तो माझ्यासाठी कप्प्यात असायचा. त्याचा स्वतःचा वेगळा असणार, असं मी धरून चालले. त्याच्या वडिलांनी तीस वर्षं अँब्युलन्स चालवली आणि ते कधीच वेळेवर जेवले नाहीत. आता त्यांच्या पोटाला मऊ भाताशिवाय काही चालत नाही. "एक माणूस असं बघितलंय," तो एकदा म्हणाला, "दुसरं नाही बघायचं." माझ्याकडे न बघता म्हणाला, पण कान लाल झाले होते.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, एवढीच आमची भेट. त्या दहा मिनिटांसाठी मी केस दोनदा विंचरायला लागले. एका सकाळी खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की ती खाली घ्यावी लागली नाही... उठण्याआधीच त्याने ती माझ्या उंचीला आणून ठेवली होती. त्या दिवशी माझा आवाज इतका गोड येत होता की तीन नंबरवालीने विचारलं, लॉटरी लागली का.

त्याच्या पट्ट्याला नवं भोक दिसलं तेव्हा मी चिडवलंसुद्धा. म्हटलं, कोणासाठी बारीक होताय? तो नुसता हसला. माझं डोकं कुठे होतं कोण जाणे.

तीन महिन्यांनी, सकाळी पाळी बदलताना, मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या प्रकारानंतर तपासणी सगळ्यांनाच सक्तीची होती, ती दोघांचीही झाली होती. माझं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट सहा. मी जवळजवळ त्याचा हात धरणार होते, तोच मॅडम पुढे म्हणाल्या, "दिवसाची बाजू पास, रात्रीची नापास. यांचं वजन सहा किलोनं उतरलंय, बीपी खाली. हे महिनाभर रेकॉर्ड रूममध्ये, दिवसाच्या ड्युटीवर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, रात्री काय खात होता. त्याने बॅग पाठीमागे सरकवली. मी त्याची बॅग उघडली. आत मी खायचे त्याच बिस्किटांचा पुडा.

"आधी जप्तीचा माल," तो म्हणाला. "तो संपल्यावर... सवय लागली."

दुपारी चारला उठून वडिलांचा भात शिजवायचा, मग निघेपर्यंत एकच डबा व्हायचा. तो एक डबा तीन महिने मी खाल्ला होता. मला रडू आलं आणि राग आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी तडक खुर्चीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅसपाशी उभी होते. आई दारात येऊन बराच वेळ बघत राहिली. सात वर्षांत इथे फिरकली नाहीस, म्हणाली, कोण आहे तो? दादाने पातेल्यात डोकावून म्हटलं, जो कोणी आहे त्याचं काही खरं नाही. मी दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

दुपारी मागून घेतलेल्या अर्ध्या तासाच्या सुटीत रेकॉर्ड रूममध्ये गेले. फायलींच्या मांडणीमागे तो बसला होता. पहिल्यांदाच आम्ही दोघं एका वेळी, एका टेबलाशी होतो. मी डबा उघडला. डाळ, भात, पालक, अंडी. आणि वेगळ्या डबीत कच्ची गाजरं.

"याचा आवाज होईल," तो म्हणाला.

"इथे फोन नाही. खा."

"रागावलात?"

"रागावले आहे. माझ्या खुर्चीसाठी तू तुझी घालवलीस." तू कधी म्हणाले ते मलाच कळलं नाही. "मला तू आवडतोस. पण उपाशी नाही. जेवलेला आवडतोस."

त्याने डब्यातलं अंडं उचललं.

"मला तू पहिल्या अंड्यापासून आवडतेस," तो म्हणाला. "घाबरली असतीस आणि मीठ बरोबर आहे म्हणाली असतीस, तर कदाचित नसतीस आवडली."

मी सांगून टाकलं की तो खुर्चीवर परत आला की संध्याकाळचा डबा मी ठेवायचा, सकाळचा त्याने, आणि बिस्किटं कोणीच नाही. तो म्हणाला, कबूल, पण रविवारी घरी ये, बाबांना तुला बघायचंय. मऊ भात चालेल ना? मी म्हणाले, चालेल... मीठ मी बघेन.

मग त्याने गाजर उचललं, मीही उचललं, आणि दोघांनी एकदमच चावलं. बाहेरून जाणाऱ्या मॅडम दारापाशी थांबल्या.

"आत काय मोडतंय?"

"काही नाही," आम्ही दोघं तोंड भरलेलं असतानाच म्हणालो, आणि त्याने दुसरं गाजर माझ्यापुढे धरलं.